नानकशाही कालगणना : गुरुपर्व सूर्याच्या हिशेबाने की चंद्राच्या?

गोदातीर

नमस्कार. मी नांदेडचा. आमच्या शेजारी तीन पिढ्यांपासून राहणारे एक शीख कुटुंब आहे. त्यांच्या घरच्या एका प्रसंगामुळे हा धागा काढत आहे. त्यांचे धाकटे बंधू कॅनडात असतात आणि दरवर्षी 5 जानेवारीला गुरू गोविंदसिंगजींच्या प्रकाशपर्वाच्या, म्हणजे जन्मदिवसाच्या, शुभेच्छा द्यायला त्यांचा फोन येतो. इकडे नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारात मात्र ते पर्व तिथीने होते. ती तिथी कधी जानेवारीच्या मध्यावर येते, तर कधी डिसेंबरच्या अखेरीस. 2022 साली तर ती 9 जानेवारीला आली आणि पुन्हा 29 डिसेंबरलाही आली. 2023 च्या संपूर्ण वर्षात ती आलीच नाही. एकाच घरातले दोन भाऊ, एकच गुरू, एकच पर्व, आणि तरीही दिवस दोन.

शेजारच्या काकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "त्याची नानकशाही, आमची बिक्रमी." एवढ्या उत्तरावर माझे समाधान झाले नाही, म्हणून गेले काही महिने मिळेल ते वाचत आहे. जे समजले ते थोडक्यात मांडतो. जाणकारांनी पुढे भर घालावी.

शिखांचे धार्मिक वर्ष परंपरेने विक्रम संवतावर, म्हणजे पंजाबी उच्चाराप्रमाणे बिक्रमीवर चालत आले आहे. त्यात महिन्याची सुरुवात सूर्यसंक्रांतीने होते, पण बहुतेक गुरुपर्वे चांद्रतिथीने पाळली जातात. पंजाबात जन्मलेले आणि पुढे कॅनडातील एडमंटन येथे स्थायिक झालेले अभियंता पालसिंग पुरेवाल यांनी अनेक दशके या विषयाचा अभ्यास करून एक स्वतंत्र सौर दिनदर्शिका तयार केली. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने ती 2003 साली स्वीकारली. गुरू नानकांचे जन्मवर्ष 1469 हा तिचा आरंभ असल्यामुळे 14 मार्च 2003 रोजी नानकशाही संवत 535 सुरू झाले. चेत ते सावन हे पहिले पाच महिने प्रत्येकी 31 दिवसांचे आणि भादों ते फग्गण हे उरलेले सात 30 दिवसांचे. लीप वर्षी फग्गणला एक दिवस जास्त. त्यामुळे 1 चेत नेहमी 14 मार्चला आणि 1 वैसाख नेहमी 14 एप्रिलला येतो.

2010 साली या दिनदर्शिकेत मोठे फेरबदल झाले. संक्रांती पुन्हा बिक्रमी पद्धतीने ठरू लागल्या, काही प्रमुख गुरुपर्वे तिथीवर परतली आणि पुढच्या वर्षांत इतरही परतत गेली. छापील दिनदर्शिकेवर नाव अजून नानकशाहीच असते. मूळ 2003 ची गणना मानणारे लोक आपल्या दिनदर्शिकेला म्हणूनच आवर्जून "मूल नानकशाही" म्हणतात. आमच्या नांदेडच्या तख्ताने (म्हणजे शिखांच्या धर्मपीठाने) आणि पाटणा साहिबच्या तख्ताने 2003 ची गणनाही स्वीकारली नव्हती. तेथे बिक्रमीच चालू राहिली.

माझा प्रश्न असा आहे की हा वाद केवळ गणिताचा आहे, की त्यापलीकडे आणखी काही आहे?

पंचांगप्रेमी

गोदातीर, चांगला विषय काढलात. गणिताची बाजू मी मांडतो, कारण ती स्पष्ट झाल्याशिवाय पुढची चर्चा भरकटेल.

ऋतू ज्या वर्षाने फिरतात ते सायन वर्ष सुमारे 365 दिवस, 5 तास, 48 मिनिटे आणि 45 सेकंदांचे असते. बिक्रमी संक्रांती ज्यावर बसवल्या जात आल्या ते सूर्यसिद्धान्त या प्राचीन ग्रंथातले वर्ष सुमारे 365 दिवस, 6 तास, 12 मिनिटे आणि 36 सेकंदांचे. दरवर्षी जवळजवळ 24 मिनिटांचा फरक पडतो आणि साधारण 60 वर्षांत तो एका दिवसाइतका होतो. मकरसंक्रांत 14 जानेवारीवरून 15 वर सरकते हा आपल्याही घरचा अनुभव आहे. तिळगूळ कधी वाटायचा यावर दर काही वर्षांनी बोलणे होतेच. वैशाखीचेही तसेच आहे. 1699 साली आनंदपूरला खालसाची स्थापना झाली ती वैशाखी आजच्या ग्रेगोरियन हिशेबाने 8 एप्रिलच्या आसपास पडते. आज ती 13 किंवा 14 एप्रिलला येते. हीच चाल राहिली तर आणखी हजार वर्षांनी ती एप्रिलच्या अगदी अखेरीस जाईल.

आता कोणी म्हणेल, जाईना का, हजार वर्षांनंतरची चिंता आज कशाला? या प्रश्नाला शीख परंपरेच्या आतूनच उत्तर आहे, आणि पुरेवाल यांचा सर्वांत बळकट मुद्दा मला तोच वाटतो. गुरू ग्रंथ साहिबमध्ये "बारहमाहा" नावाच्या दोन रचना आहेत. एक राग तुखारीतील, गुरू नानकांची, आणि दुसरी राग माझमधील, गुरू अर्जनदेवांची. दोन्हींत बारा महिन्यांच्या ऋतूंतून जिवाची परमेश्वरासाठीची तळमळ सांगितली आहे. आषाढात ऊन भाजून काढते, सावनात मेघ बरसतात, पोहात, म्हणजे पौषात, थंडी गोठवते. महिने ऋतूंपासून सरकत राहिले तर एक दिवस असा येईल की गुरुद्वारात सावनाचे पद वाचले जात असेल आणि बाहेर पावसाचा पत्ता नसेल. पवित्र वाणीत सांगितलेला ऋतू आणि दारातला ऋतू एकच राहावा, एवढ्यासाठी त्यांनी ऋतूंशी बांधलेले सौर वर्ष घेतले.

चांद्रतिथीचा प्रश्न वेगळा आहे. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्यामुळे तिथी दरवर्षी अकरा दिवस मागे जाते आणि अधिक मास आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे उडी मारते. गुरू अर्जनदेवांचा शहीदी दिवस जेठ सुदी चौथीचा आहे. तो 2023 मध्ये 23 मे रोजी, 2024 मध्ये 10 जून रोजी आणि 2025 मध्ये 30 मे रोजी आला. मूळ नानकशाहीत तो 2 हाड (आषाढ), म्हणजे दरवर्षी 16 जूनलाच असतो.

सतलजकाठची_मराठी

मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर गेली बावीस वर्षे लुधियान्यात आहे. पंचांगप्रेमी यांनी गणित उत्तम सांगितले. मी घरातले आणि रस्त्यावरचे सांगते.

येथे आल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या सासूबाई एका सकाळी म्हणाल्या, "अज्ज संगरांद ऐ." आपल्याकडे संक्रांत म्हटली की जानेवारीतली एकच डोळ्यांसमोर येते, येथे दर महिन्याला संगरांद असते. सकाळी गुरुद्वारात गर्दी होते आणि माझ बारहमाहातील त्या महिन्याचे पद वाचले जाते. नवा महिना कोणता लागला हे माझ्या सासूबाईंनी भिंतीवरच्या कागदावरून कधी पाहिले नाही, त्या ते ऐकून येत. घरी परतल्यावर ओंजळीतला कडाह प्रसाद आमच्या हातावर ठेवत आणि महिन्याचे नाव सांगत, "सावन चढ्या ऐ", म्हणजे सावन लागला. पंजाबीत महिना "चढतो" हे मला तेव्हापासून फार आवडते.

शहीदी दिवसाबद्दल लिहावेसे वाटते. गुरू अर्जनदेवांना 1606 साली लाहोरला तापलेल्या तव्यावर बसवून, अंगावर तप्त वाळू ओतून छळण्यात आले, असे परंपरा सांगते. त्या आठवणीत येथे चौकाचौकांत छबील लागते. थंड दूध-पाण्यात गुलाबाचे सरबत घालून, बर्फाच्या लाद्या फोडून, मोठ्या पातेल्यांतून ते गुलाबी पाणी येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजतात. पोरे बस थांबवून खिडकीतून पेले आत देतात. ज्यांच्या गुरूला उष्णतेने मारले ते लोक उन्हातल्या वाटसरूला गारवा देतात, यापेक्षा मोठे स्मरण मला ठाऊक नाही. आता तिथीने हा दिवस कधी मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, तर अधिक जेठ आला की जूनच्या मध्यालाही जातो. ऊन दोन्ही वेळी असतेच, त्यामुळे छबिलीला फरक पडत नाही. लाहोरला जाणाऱ्या यात्रेकरूंना मात्र पडतो, कारण पाकिस्तानातील शीख गुरुद्वारा प्रबंधक समिती मूळ नानकशाही पाळते आणि तेथील डेरा साहिब गुरुद्वारात हा दिवस 16 जूनला होतो.

पण खरी अडचण पोह महिन्यात येते. पोह म्हणजे येथे शोकाचा महिना. आनंदपूर सोडताना गुरू गोविंदसिंगजींचे कुटुंब विखुरले, थोरले दोन साहिबजादे, म्हणजे गुरूंचे पुत्र, चमकौरला लढताना गेले, आणि धाकटे दोघे, जोरावरसिंग आणि फतेहसिंग, सरहिंदला भिंतीत चिणले गेले. आजी माता गुजरी यांच्यासह त्या मुलांना ठंडा बुर्जात थंडीत ठेवले होते. डिसेंबरच्या 25, 26 आणि 27 तारखांना फतेहगढ साहिबला लाखो लोक जमतात. त्या दिवसांत पुष्कळ घरांत लग्नकार्य करत नाहीत, गोडधोड होत नाही, आणि जुनी माणसे जमिनीवर झोपत. हे दिवस सौर गणनेने पक्के झाले आहेत. गुरू गोविंदसिंगजींचा प्रकाशपर्व मात्र पोह सुदी सप्तमीचा, म्हणजे फिरता आहे. 2017 साली तो 5 जानेवारीला झाला आणि दुसऱ्यांदा 25 डिसेंबरला आला. 2025 मध्येही 6 जानेवारीनंतर तो 27 डिसेंबरला पुन्हा आला. म्हणजे ज्या दिवशी नातवंडांचा शोक, त्याच दिवशी वडिलांच्या जन्माची रोषणाई. 2017 च्या त्या डिसेंबरात माझ्या सासूबाई दिव्यांची पणती हातात घेऊन उंबऱ्यावर थांबल्या होत्या. ती लावावी की नाही हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी ती आत देवघराशी ठेवली, बाहेर लावली नाही. गणिताने न सुटणारा हा प्रश्न आहे, म्हणून गोदातीर यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की हो, यात गणितापलीकडचे पुष्कळ आहे.

(वर "नातवंडांचा शोक" असे लिहिले ते माता गुजरींच्या नात्याने, वाचताना घोटाळा होऊ नये.)

वाचक_कोल्हापूर

एक शंका आहे. पुस्तकांत गुरू गोविंदसिंगजींची जन्मतारीख 22 डिसेंबर 1666 दिलेली असते. मग तारीखच पाळायची तर 22 डिसेंबर का नाही? 5 जानेवारी कोठून आली?

पंचांगप्रेमी

फार योग्य शंका. यात दोन पायऱ्या आहेत.

22 डिसेंबर 1666 ही ज्युलियन तारीख आहे. त्या काळी ज्युलियन आणि ग्रेगोरियन यांत दहा दिवसांचे अंतर होते, म्हणून आजच्या गणनेने ती 1 जानेवारी 1667 होते. पुरेवाल यांनी मात्र इंग्रजी तारखेला हात लावला नाही. जुन्या नोंदींत बिक्रमी सौर महिन्याचा दिवस, ज्याला पंजाबीत "प्रविष्टा" म्हणतात, तो त्यांनी आधार मानला. गुरूंचा जन्म पोह महिन्याच्या 23 व्या प्रविष्ट्याला झाला होता. तो त्यांनी 23 पोह असाच ठेवला. नानकशाहीत 1 पोह 14 डिसेंबरला येतो, म्हणून 23 पोह 5 जानेवारीला. मधल्या साडेतीनशे वर्षांत संक्रांत जी चार-पाच दिवस सरकली, तेवढाच 1 जानेवारी आणि 5 जानेवारी यांतला फरक आहे. याच रीतीने गुरू तेगबहादुरांचा शहीदी दिवस 11 मग्घर (मार्गशीर्ष), म्हणजे 24 नोव्हेंबर ठरला. 2025 मध्ये त्या बलिदानाला साडेतीनशे वर्षे झाली, तेव्हा मग्घर सुदी पंचमी 25 नोव्हेंबरला आली होती. दोन गणना तेवढ्यापुरत्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

हा मार्ग मला अतिशय विचारपूर्वक निवडलेला वाटतो. परक्या दिनदर्शिकेतली तारीख उसनी न घेता आपल्याच परंपरेत नोंदलेला दिवस त्यांनी कायम केला. नानकशाही म्हणजे ग्रेगोरियनची नक्कल, हा आक्षेप म्हणून निम्माच खरा आहे: वर्षाची लांबी ग्रेगोरियनशी बांधलेली आहे, पण दिवस बिक्रमीतून आलेले आहेत.

आपल्याकडे शिवजयंतीचा वाद याच जातीचा आहे. फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी, आणि राज्य शासनाने मान्य केलेली 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख. ती 19 फेब्रुवारीही ज्युलियनच. ग्रेगोरियन केली तर 1 मार्च येते. त्यामुळे मराठी वाचकाने शिखांच्या या प्रश्नाकडे लांबून पाहण्याचे कारण नाही.

हुजूरी

मी नांदेडचा शीख. आमच्या घरात पंजाबी कमी आणि दखनी-मराठी जास्त बोलली जाते. गोदातीर यांनी आमच्या तख्ताचा उल्लेख केला आहे, म्हणून ती बाजू मांडणे माझे कर्तव्य समजतो. आमच्याकडे बिक्रमी चालू राहिली ती गणित न कळल्यामुळे राहिली असे कोणी समजू नये.

नांदेडचे धार्मिक वर्ष दसरा आणि दिवाळी यांच्या भोवती गुंफलेले आहे. दसऱ्याला हल्ला महल्ला निघतो. निशाण साहिब, गुरूंचे घोडे, शस्त्रे घेतलेली संगत. दिवाळीच्या तोंडावर तख्तस्नान असते. गोदावरीचे पाणी घागरींत भरून खांद्यावरून आणले जाते, सचखंड धुतला जातो आणि गुरूंच्या काळापासूनची शस्त्रे स्वच्छ केली जातात. लहानपणी मी प्रथम घागर खांद्यावर घेतली तेव्हा ती माझ्या उंचीला जड होती. अर्धे पाणी अंगावर सांडले आणि मागून येणाऱ्या एका वृद्ध सिंघाने न बोलता आपल्या घागरीतले पाणी माझ्या घागरीत ओतले. त्या दिवशी कोणती तारीख होती हे मला आठवत नाही, दिवाळी जवळ होती एवढे आठवते. दिवाळीनंतर कत्तक (कार्तिक) सुदी दूजेला गुरू ग्रंथ साहिबांचा गुरगद्दी दिवस, म्हणजे ग्रंथाला गुरुपद मिळाल्याचा दिवस येतो आणि सुदी पंचमीला गुरू गोविंदसिंग महाराजांच्या जोती जोत समावण्याचा, म्हणजे देहत्यागाचा. 1708 साली हे याच भूमीवर, याच क्रमाने घडले. 2008 साली गुरता गद्दीची त्रिशताब्दी झाली, तेव्हाही मुख्य दिवस 30 ऑक्टोबर, म्हणजे दिवाळीनंतरची दूजच होती.

मूळ नानकशाहीत गुरगद्दी दिवस 6 कत्तक, म्हणजे 20 ऑक्टोबर आणि जोती जोतचा दिवस 21 ऑक्टोबर असा पक्का केला आहे. दिवाळी मात्र बंदी छोड दिवस म्हणून तिथीनेच ठेवली. मग ज्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात येईल त्या वर्षी आमच्याकडे आधी गुरगद्दी आणि नंतर तख्तस्नान करायचे का? माळेतला एकच मणी ओढून बाजूला ठेवता येत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे एवढेच होते.

सतलजकाठच्या ताईंनी पोह महिन्याचे जे लिहिले ते वाचून मन भरून आले. आमच्याकडे त्या वर्षी प्रकाशपर्व तिथीनेच झाला, पण दीवानात, म्हणजे संगतीच्या सभेत, आधी साहिबजाद्यांची कथा झाली आणि मग गुरूंच्या जन्माचे कीर्तन. कोणाला ते अपुरे वाटेल. आम्हाला त्या दिवशी तेवढेच सुचले.

वाचक_कोल्हापूर

हुजूरीदादा, मूळ नानकशाहीतही काही सण तिथीनेच ठेवले होते हे मला नवे आहे. कोणते?

हुजूरी

तीन. बंदी छोड दिवस, होला महल्ला आणि गुरू नानकदेवजींचा प्रकाशपर्व. बंदी छोड म्हणजे ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून गुरू हरगोविंदजी बावन्न राजांसह सुटले त्याची आठवण. होला महल्ला होळीच्या दुसऱ्या दिवशी असतो.

पंचांगप्रेमी

यातला गुरू नानकांचा दिवस स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. जुन्या जनमसाख्या, म्हणजे त्यांची पारंपरिक चरित्रे, त्यांचा जन्म वैशाखात सांगतात आणि इतिहासकार करमसिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच वैशाखाच्या बाजूने पुरावे मांडले होते. तरीही साऱ्या जगातली संगत कत्तकच्या पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला, हा दिवस पाळते. 2003 च्या दिनदर्शिकेनेही त्याला हात लावला नाही. पुरावा एकीकडे आणि शतकांची सवय दुसरीकडे असे झाले की समित्या सवयीचा मान ठेवतात, आणि मला त्यात गैर वाटत नाही.

महाराष्ट्रात तिथीने पर्व शोधणाऱ्यांसाठी एक सूचना. बिक्रमी चांद्रमास पौर्णिमान्त आहेत, आपले अमान्त. सुदी, म्हणजे शुद्ध पक्ष, दोघांचा एकच. पण वदीला महिन्याचे नाव बदलते. गुरू रामदासांचा प्रकाशपर्व कत्तक वदी दूजेचा. आपल्या पंचांगात कार्तिक वद्य द्वितीया पाहिली तर तो महिनाभर चुकेल. तो आश्विन वद्य द्वितीयेला, म्हणजे कोजागरीनंतर दोन दिवसांनी पाहावा. होला महल्ला तसाच चेत वदी एकमचा, म्हणजे आपली फाल्गुन वद्य प्रतिपदा, धुळवड.

सतलजकाठची_मराठी

ही वदीची चूक मी पहिल्या वर्षी केली होती आणि अमृतसरला महिनाभर उशिराचे तिकीट काढून बसले होते. सासूबाईंनी वेळेवर सांगितले.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते पुरेवाल यांच्या बाजूला झुकते, विशेषतः पोह महिन्यामुळे. परंतु हुजूरीदादांनी माळेचे जे सांगितले त्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ बारहमाहाच्या शेवटी गुरू अर्जनदेव सांगतात की ज्यांच्यावर परमेश्वराची कृपादृष्टी आहे त्यांना सर्व महिने, दिवस आणि मुहूर्त चांगलेच आहेत. दर संगरांदीला महिन्याच्या पदानंतर हेही आम्ही ऐकतो, आणि ते ऐकून माझ्या सासूबाई दोन्ही तारखांना गुरुद्वारात जातात.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी हा धागा शेजारच्या काकांना वाचून दाखवला. वदीचा मुद्दा त्यांना ठाऊक होता, प्रविष्ट्याचा नव्हता. त्यांनी कपाटातून वडिलांची जुनी जंत्री (छापील पंचांग) काढली; तिच्यात प्रत्येक दिवसासमोर तिथी आणि प्रविष्टा असे दोन्ही रकाने होते. स्वतःचा जन्मदिवस त्यांनी आजवर तिथीनेच पाहिला होता. आज शेजारच्या रकान्यात बोट ठेवून त्यांनी तो आकडा मला वाचायला सांगितला, चष्मा पुसला, आणि कॅनडाला फोन लावला.